थोरल्याकडची बैठक

मित्रांनो, मी एक जुना स्विच आहे. हे ऐकून तुम्ही लगेच भिंतीकडे बघाल, पण दिवा लावायचा खटका तो मी नव्हे. मी राखाडी पत्र्याचा, जाडजूड पुस्तकाएवढा एक डबा आहे. माझ्या पुढच्या अंगाला आठ खाचा आहेत आणि प्रत्येक खाचेवर एक हिरवा दिवा आहे. त्यांतली पाचवी खाच मेलेली आहे. एका खाचेत एका संगणकाची तार खोचतात, दुसरीत दुसऱ्याची, आणि मग ते संगणक माझ्यामार्फत एकमेकांशी बोलतात. कोण कुठल्या खाचेत बसले आहे हे मी ऐकून ऐकून लक्षात ठेवतो. निरोप आला की ज्याचा त्याला देतो. ज्याचा ठावठिकाणा मला माहीत नाही त्याचा निरोप मात्र मी सगळ्यांना ओरडून सांगतो, आणि ज्याचा असेल तो ओ देतो. एवढेच माझे काम. तुम्हाला ते किरकोळ वाटेल, पण निरोप ज्याचा त्यालाच पोचवणे किती माणसांना जमते ते एकदा आठवून बघा.

माझा जन्म सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत झाला. मला घडवणाऱ्या माणसाला सगळे दादा म्हणतात. तेव्हा दादांकडे एक टेबल, एक डाग देण्याची कानस आणि उसने आणलेले दोन संगणक होते. कानस नव्हे, डाग देणारी ती तापलेली सळई. पहिल्या दिवसांतल्या गोष्टी सांगताना माझे असेच होते. त्या सळईने माझी पाचवी खाच पहिल्याच दिवशी जळाली. दादांच्या मित्राने मला फेकून द्यायला सांगितले. दादा म्हणाले, "राहू दे. हा पहिला आहे. सात खाचा तर चालतात ना?" आणि मी राहिलो. पुढे माझ्यासारखे पुष्कळ डबे झाले, माझ्याहून देखणे आणि हुशार. म्हणून मला सगळे थोरला म्हणू लागले.

दादांनी विकलेल्या पहिल्या काही डब्यांपैकी एक एका प्रसूतिगृहात गेला होता. तो सकाळी नीट चालायचा आणि दुपार झाली की मुका व्हायचा. दादा तिथे जाऊन बसले तेव्हा कारण कळले. आतला एक डाग, म्हणजे तारेचा सांधा, कच्चा राहिला होता. डबा तापला की तो डाग सुटायचा आणि गार झाला की पुन्हा चिकटायचा. घाईघाईत तपासले तर त्यात खोट दिसणे शक्यच नव्हते. त्या दिवसापासून दादांनी नियम केला. तयार झालेला प्रत्येक डबा सकाळी माझ्या शेजारी ठेवायचा, त्याची तार मला जोडायची आणि दिवसभर आम्हा दोघांना बोलू द्यायचे. संध्याकाळपर्यंत जो बोलत राहील तोच बाहेर जाईल. या रिवाजाला कारखान्यात थोरल्याकडची बैठक म्हणत. किती धाकटे माझ्या शेजारी बसून गेले त्याची गणती मी ठेवली नाही, पण जो दुपारी अडखळला तो मला अजून आठवतो.

धंदा वाढला. कंपनी सायकलच्या दुकानावरून एका ऐसपैस गाळ्यात आली. मला तपासणीच्या टेबलावर खिडकीजवळ जागा मिळाली. त्या टेबलावर एक बाई कामाला लागल्या. पहिल्याच आठवड्यात त्या जेवणाचा डबा घरी विसरल्या, म्हणून त्यांचे सासरे तो घेऊन आले आणि दारातून त्यांनी हाक मारली, "सूनबाई!" झाले. विक्री खात्यापासून झाडलोट करणाऱ्यापर्यंत सगळ्यांनी तेच नाव उचलले. खुद्द दादाही त्यांना सूनबाईच म्हणत. सूनबाईंची एक सवय मला फार आवडायची. तापलेल्या लेकराचे कपाळ पाहावे तसा दुपारच्या वेळी त्या प्रत्येक डब्यावर उलटा हात ठेवून बघत. माझ्यावरही ठेवत, वास्तविक माझी तपासणी कोणी सांगितलेली नव्हती.

त्यांचे सासरे म्हणजे तात्या. तात्या शिंपी होते. आयुष्यभर त्यांनी कोट शिवले, आणि मग त्यांचे हात थरथरू लागले. सुईत दोरा जाईना तेव्हा त्यांनी दुकान विकले. घरी त्यांच्या पत्नी होत्या, त्यांना माई म्हणत. सूनबाईंचा नवरा जहाजावर नोकरीला, त्यामुळे घरात ही तिघेच. घर तिसऱ्या मजल्यावर. माईंचे गुडघे असे गेले होते की जिना उतरणे संपले होते. एकदा दोघांनी खुर्चीत बसवून खाली नेले तर वर आणताना त्यांचा जीव नकोसा झाला. तेव्हापासून त्या वरच होत्या. ज्या फाटकाशी उभे राहून त्यांनी जन्मभर येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस केली, ते फाटक त्यांना खिडकीतून दिसतसुद्धा नव्हते.

त्याच इमारतीत तळमजल्यावर, फाटकाला लागून, एक खोली विकायची होती. ती माईंसाठी घ्यायची एवढी एकच इच्छा तात्यांना उरली होती. दुकानाचे पैसे जवळजवळ पुरत होते. जवळजवळ म्हणजे पुरत नव्हते. खोलीचा मालक भला माणूस होता. तो म्हणाला, तात्या, मी वर्षभर थांबतो.

याच सुमारास दादांनी कंपनीचे शेअर बाजारात आणले. तात्या जेवण पोचवायच्या निमित्ताने येत आणि माझ्याशेजारच्या स्टुलावर बसून राहत. एक दिवस त्यांनी बैठक कशासाठी असते ते सुनेला विचारून घेतले.

"आम्हीपण असंच करायचो," ते म्हणाले. "कोट शिवला की एक दिवस टांगून ठेवायचा. कापड आपल्या वजनानं ओघळतं. कुठं खाली आलंय ते दुसऱ्या दिवशी दिसतं, मग घेर दुमडायचा. घाईनं देणारा शिंपी घाईनंच गिऱ्हाईक घालवतो. सूनबाई, मी माझे पैसे या कंपनीत घालणार."

"तात्या, ते खोलीचे पैसे आहेत," सूनबाई म्हणाल्या.

"म्हणूनच. बँकेत ठेवले तर वर्षभरात खोली पुरेल एवढे व्हायचे नाहीत. इथं माल चांगला आहे, माणसं चांगली आहेत. अजून काय बघायचं असतं?"

मित्रांनो, मी बाजारातला नाही. पण एखाद्या कंपनीत पैसे घालायला याहून चांगले कारण मी नंतरही कधी ऐकले नाही. त्यांनी शेअर घेतले. त्यानंतर ते स्टुलावर जरा ताठ बसू लागले आणि खिडकीच्या काचेवर डाग दिसला तर खिशातल्या रुमालाने पुसू लागले. सूनबाई हसून म्हणायच्या, "मालक आले, कामाला लागा."

शेअरचा भाव हळूहळू वर जात होता. घाई नव्हती. तशीच वर्षअखेर गाठली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती.

एके दिवशी एका फार मोठ्या कंपनीची गाडी आमच्या दाराशी थांबली. तारांच्या आणि संगणकांच्या धंद्यात त्या कंपनीपुढे आम्ही म्हणजे हत्तीपुढे मुंगी. गाडीतला माणूस उतरला, त्याने शेजारच्या शीतगृहाचा रस्ता विचारला आणि गाडी गेली. सूनबाईंनी घरी जेवताना ते गमतीने सांगितले. दुसऱ्या दिवशी तात्या केस कापायला बसले होते. न्हाव्याने विचारले, "काय तात्या, कंपनी काय म्हणते तुमची?" तात्या म्हणाले, "काल मोठ्या कंपनीची गाडी दारात उभी होती." ते खोटे बोलले नाहीत. फक्त रस्ता विचारल्याचे त्यांनी सांगितले नाही, कारण त्याने गोष्टीची मजा गेली असती.

न्हाव्याकडे एक ब्रोकर दाढीला यायचा. त्या ब्रोकरच्या गिऱ्हाइकांत एक वर्तमानपत्रात बाजारातल्या कुजबुजी लिहिणारा होता. थोड्याच दिवसांत त्या सदरात दोन ओळी आल्या, की तारा जोडणाऱ्या एका छोट्या कंपनीवर एका बड्या कंपनीचा डोळा आहे आणि ती लवकरच विकत घेतली जाईल. ते वाचून लोकांनी शेअर घेतले. लोकांनी घेतले म्हणून भाव चढला. भाव चढला म्हणजे बातमी खरीच, असे म्हणून आणखी लोकांनी घेतले. मग ब्रोकरने आपल्या सगळ्या गिऱ्हाइकांना फोन केले, त्यात तात्याही होते. हे सगळे मला नंतर कळले. त्या वेळी मला एवढेच दिसले, की तात्या धापा टाकत आले, स्टुलावर टेकले आणि म्हणाले, "सूनबाई, खात्रीची बातमी आहे. मोठी कंपनी आपल्याला घेतेय."

"कोण म्हणालं?"

"ब्रोकर म्हणाला. पेपरात आलंय. भाव बघ ना किती वर गेलाय."

सूनबाईंनी भाव बघितला. मग कागदावर काहीतरी मांडले आणि शांतपणे म्हणाल्या, "तात्या, खोली येते. आजच विका."

"खोलीच येते फक्त. घेणारी कंपनी याच्यावर आणखी भाव देते, असं म्हणतात. तेवढ्यात खोलीला नवी फरशी होईल, माईला धरायला दांडा लावता येईल. थोडं थांबू."

"माई फरशी बघायला थांबल्यात का? त्यांना फाटक बघायचंय."

तात्या हसले आणि थांबले. घरी माईंना मात्र खोली येणार हे त्यांनी सांगूनही टाकले. माई रोज विचारू लागल्या, "अहो, खालच्या खिडक्यांचं माप घेऊन या ना. पडदे शिवायला घ्यायचेत. हात थरथरला तर मी टाके घालीन." तात्या म्हणायचे, घेतो, घेतो.

इकडे ती बातमी दादांपर्यंतही आली होती. पहिल्यांदा ते मोठ्याने हसले. "मला न विचारता माझं लग्न ठरवलं की," असे ते म्हणाल्याचे मी ऐकले. पण मग बँकेतून अभिनंदनाचा फोन आला. जुने मित्र आले. आजवर उधारीवर पत्रा न देणारा व्यापारी स्वतः येऊन चहा पिऊन गेला. इतके लोक म्हणतात तर आपल्याला कळले नसेल, पण कुठेतरी काहीतरी शिजत असणार, असे दादांना वाटू लागले. मित्रांनो, मला त्यांचा राग येत नाही, फक्त वाईट वाटते. आपल्याबद्दल चांगले बोलणाऱ्याला पुरावा मागणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

आणि मग आमच्या कारखान्यात एक नवे वाक्य राहायला आले. नवे मालक बघतील. खिडकीची चौकट सडून पाणी आत येऊ लागले, तर म्हणे नवे मालक बघतील. पुढच्या वर्षीचा नवा डबा कागदावर तयार होता, तो गुंडाळून कपाटावर गेला. दोन माणसे सोडून गेली, त्यांच्या जागा भरल्या नाहीत. विकायच्या घराला कोणी रंग देतो, कोणी देत नाही; दादांनी फक्त दर्शनी भिंतीला दिला. विक्रीचा आकडा फुगलेला दिसावा म्हणून डबे धडाधड बाहेर पडायला हवे होते, आणि प्रत्येक डब्याचा एक दिवस माझ्याकडे जात होता.

एका सकाळी दादा टेबलापाशी आले. माझ्याकडे न बघता ते सूनबाईंना म्हणाले, "काही दिवस बैठक बंद ठेवू. दिवा लागला की पेटीत भरा."

"दादा, दिवा तर त्या प्रसूतिगृहातल्या डब्याचापण लागायचा."

"माहितेय मला. मीच गेलो होतो ना तिथं? थोडे दिवसच. एकदा व्यवहार होऊ दे, मग तू म्हणशील तसं करू."

माझ्या खाचेतली तार काढली गेली. मी भिंतीकडे सरकवला गेलो आणि माझ्यावर रिकामी खोकी रचली गेली. मला धूळ लागते हे मला तेव्हाच कळले. नुसते बसून राहण्याचे मला काही वाटले नसते. पण शेजारून धाकटे एकेक करून पेटीत जात होते आणि त्यांच्यातला कोण दुपारी अडखळणार आहे हे कोणालाच माहीत नव्हते. ते मला सहन होत नव्हते.

सूनबाई घरी गप्प झाल्या. तात्या एक दिवस येऊन म्हणाले, "आधी विका विका म्हणत होतीस. आता काहीच का बोलत नाहीस?" सूनबाई हातातले काम करत राहिल्या. बैठकीवाचून डबे बाहेर जात आहेत, ही आतली गोष्ट त्यांना आता माहीत होती. ती सांगून आपल्या माणसाला शेअर विकायला लावायचे, म्हणजे ते विकत घेणाऱ्या दुसऱ्या कुणा तात्याच्या गळ्यात दगड बांधायचा. ते त्यांना करवले नाही. त्या दादांकडे जाऊन दोनदा भांडून आल्या आणि दोन्ही वेळा डोळे पुसत टेबलाशी बसल्या. घरी परत गेल्या की पडद्याच्या मापाचा विषय वाट बघत असायचाच.

काही आठवड्यांनी डबे परत येऊ लागले. सकाळी बोलणारे, दुपारी मुके होणारे. ते मागच्या खोलीत रचून ठेवले गेले.

आणि नेमका तेव्हाच त्या मोठ्या कंपनीचा खरा फोन आला. आपण एक छोटी कंपनी घेणार असल्याचे त्यांनीही पेपरात वाचले होते. त्यांच्यातल्या कोणाला तरी वाटले, एवढे लोक म्हणतात तर जाऊन बघावे. त्यांचा माणूस पाहणीला येणार होता.

दादांनी सगळा कारखाना झाडून घेतला. पण मांडण्या रिकाम्या दिसत होत्या. विकलेले डबे बाहेर होते आणि नवे पुरेसे नव्हते. मग दादांनी मागच्या खोलीतले परत आलेले डबे आणून मांडणीवर ओळीने लावले. त्यांच्या खाली मलाही ठेवले, कारण खालच्या कप्प्यात एक जागा उरली होती. सगळ्यांना वीज दिली, पण दिवे लुकलुकेनात. बोलायला कोणी असेल तरच दिवे लुकलुकतात, आणि तिथे बोलायला कोणीच नव्हते.

तेव्हा दादांनी जे केले ते आमच्या धंद्यातलाच माणूस करू शकतो. त्यांनी आम्हा डब्यांना एकमेकांना जोडले, आणि शेवटच्या डब्यातून निघालेली तार परत पहिल्यातच खोचली. तारांचे वर्तुळ झाले. असा फेरा ओळखून आपले दार बंद करण्याची अक्कल नव्या डब्यांना असते. ती अक्कल दादांनी आपल्या हाताने बंद केली. जन्मभर त्यांनी गिऱ्हाइकांना बजावले होते, की असा फेरा कधी होऊ देऊ नका.

फेऱ्यात काय होते ते सांगतो. कोणीतरी एकदाच विचारते, कोणी आहे का? मी ते सगळ्यांना सांगतो. शेजारचा ते ऐकतो आणि पुढच्याला सांगतो. तो त्याच्या पुढच्याला. वळसा घालून तोच प्रश्न माझ्याकडे येतो, आणि मला वाटते, हा नवाच आहे. मी पुन्हा सगळ्यांना सांगतो. बघता बघता एका प्रश्नाचे असंख्य प्रश्न होतात. सगळे जिवाच्या आकांताने ओरडत असतात आणि उत्तर कोणीच देत नाही. बाहेरून मात्र ते फार सुंदर दिसते. मांडणीवरचा प्रत्येक दिवा थडथड उडत होता. माझी मेलेली पाचवी खाच तेवढी काळोखी होती.

पाहुणे आले. साध्या सदऱ्यातले, वयस्क, कमी बोलणारे गृहस्थ. दादांनी मांडणीकडे हात केला आणि म्हणाले, "बघा, काम जोरात आहे." पण तो फेरा मांडणीपुरता थांबला नाही. आमची तार पुढे कचेरीत गेलेली होती. पलीकडच्या टेबलांवरचे फोन बंद पडले. पाहुण्यांना दाखवायला भिंतीवरच्या पडद्यावर लावलेली हलती चित्रे मध्येच थिजली. एकामागून एक माणसे दारातून डोकावू लागली. पाहुणे मात्र मांडणीसमोरच उभे होते. त्यांनी बराच वेळ दिवे बघितले आणि हळू आवाजात विचारले, "एवढं बोलणं चाललंय. पलीकडे ऐकतंय कोण?"

सूनबाई खिडकीपाशी मान खाली घालून उभ्या होत्या. दादांचा चेहरा मी इतक्या जवळून पुष्कळ दिवसांनी पाहत होतो. ते पुढे आले, खाली वाकले आणि त्यांनीच ती तार उपसली. सगळे दिवे एकदम शांत झाले.

"कोणी नाही," दादा म्हणाले. "हे परत आलेले डबे आहेत. दिखाव्याला लावले होते."

पाहुण्यांनी मान हलवली. ते रागावले नाहीत. माझ्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, "आणि हा जुना कोण?" सूनबाईंनी त्यांना बैठकीचा रिवाज सांगितला, प्रसूतिगृहापासून. त्यांनी तो लक्ष देऊन ऐकला.

"अजून करता?"

"करत होतो," सूनबाई म्हणाल्या.

पाहुणे दादांना म्हणाले, "खरं सांगायचं तर तुमच्याकडे काय आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. आम्ही बाजारात ऐकून आलो. ही बैठक चालू असती, तर कदाचित कंपनी घेतलीही असती." त्यांनी नमस्कार केला आणि ते गेले.

भाव कसा कोसळला ते मी सांगत बसत नाही. चढताना जी माणसे जिन्याने चढली होती ती उतरताना खिडकीतून उड्या मारू लागली. तात्यांनी विकायचे ठरवले तोवर दुकानाच्या पैशातला थोडासाच भाग हाती राहिला होता. वर्ष संपले. खोलीच्या भल्या मालकाने आणखी एक महिना थांबून खोली एका दंतवैद्याला दिली. फाटकाशेजारी दाताची पाटी लागली.

तात्या त्यानंतर एकदाच कारखान्यात आले. स्टूल ओढून बसले आणि सुनेला म्हणाले, "मी शोधत गेलो गं. ब्रोकरला विचारलं, तुला कोणी सांगितलं? तो म्हणाला, न्हाव्यानं. न्हाव्याला विचारलं, तुला कोणी सांगितलं? तो आरशातून माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, तात्या, तुम्हीच नाही का सांगितलंत?" त्यांनी दोन्ही हात मांडीवर टेकले. "मीच बोललो, आणि तेच मला खात्रीची बातमी म्हणून विकलं गेलं. माईला काय सांगू?"

सूनबाईंनी त्यांच्या हातावर आपला हात ठेवला, उलटा नव्हे, सुलटा. मला त्या क्षणी बोलता येत असते तर मी म्हणालो असतो, तात्या, फेऱ्यात सापडल्यावर मलाही तो निरोप नवाच वाटला होता.

कंपनी बुडाली नाही. दादांनी मोठा गाळा सोडला आणि ते थोडक्या माणसांनिशी पुन्हा एका लहान जागेत गेले. परत आलेले डबे त्यांनी एकेक करून उघडले आणि कच्चे डाग स्वतः दुरुस्त केले. बैठक पुन्हा सुरू झाली. पण आताच्या वेगवान डब्यांशी दिवसभर बोलायला माझ्यात ताकद राहिली नव्हती. त्या जागी माझा एक धाकटा भाऊ बसला. दादांनी मला फडक्याने पुसले आणि सूनबाईंना म्हणाले, "थोरल्याला घरी घेऊन जा. तुझ्याइतकं त्याच्याकडे कोणी बघितलं नाही."

अशा रीतीने मी तिसऱ्या मजल्यावर आलो. सूनबाईंनी एका सुट्टीच्या दिवशी जिन्याच्या कडेने खालपर्यंत तार सोडली आणि फाटकावर एक छोटा कॅमेरा बसवला, बोलता आणि ऐकता येणारा. त्याची तार माझ्या पहिल्या खाचेत आली. दुसऱ्या खाचेतली तार माईंच्या खुर्चीसमोर ठेवलेल्या, चित्र दाखवणाऱ्या पडद्याला गेली. सूनबाईंनी वीज दिली, माझ्यावर उलटा हात ठेवला आणि पडद्यावर फाटक उमटले.

माई नुसत्या बघत राहिल्या. समोरच्या घरातली बाई भाजीची पिशवी घेऊन आत येत होती. माईंनी चाचरत हाक मारली. ती बाई दचकून इकडेतिकडे बघू लागली, मग तिने कॅमेऱ्याकडे बघितले आणि पिशवी खाली ठेवून तिथेच उभी राहून बोलू लागली. मुलाच्या परीक्षेपासून दुखऱ्या दाढेपर्यंत सगळे बोलली. आता फाटकाशी माईंना साद घातल्याशिवाय कोणी आत येत नाही. दंतवैद्यही येत नाही.

पण खोलीचे काय झाले हे माईंना अजून कोणी सांगितले नव्हते, आणि त्याही विचारत नव्हत्या. तात्या घरात त्यांच्यासमोर बसणे टाळत. मग एका संध्याकाळी, उजेड असतानाच, पडद्यावर तात्या दिसले. ते बाहेर जायला निघाले होते, पण फाटकाशी थांबले आणि वळून कॅमेऱ्यासमोर उभे राहिले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"माई," ते म्हणाले, "वर तुझ्यापुढं बसून मला बोलता येत नाही. खोली गेली. पैसेही गेले. भाव आला होता तेव्हा सूनबाई म्हणाली होती विका, मी ऐकलं नाही. तुला खाली आणायचं होतं, ते माझ्या हातून झालं नाही. मला फार वाईट वाटतं गं."

मित्रांनो, ते शब्द मी पोचवले. पहिल्या खाचेतून घेतले आणि दुसऱ्या खाचेला दिले. एकदाच आणि जसेच्या तसे. ज्यांचा निरोप होता त्या पलीकडे बसून ऐकत होत्या.

माई म्हणाल्या, "मला माहीत होतं."

"कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? जन्मभर मापं घेणारा माणूस चार खिडक्यांचं माप घ्यायला टाळतो, तेव्हाच मी समजले. तुम्ही एकटेच किती दिवस ते ओझं घेऊन जिना चढत होतात." त्यांनी पदराने डोळे टिपले. "आता वर या. आणि येताना दुकानातून पांढरा दोरा घेऊन या. या खिडकीला पडदा हवाय, संध्याकाळचं ऊन या चित्रावर येतं आणि मला फाटक नीट दिसत नाही."

तात्यांनी टोपी डोक्यावर घातली. ते दोरा आणायला गेले आणि आले. जिन्यात त्यांची पावले मी ऐकली.

आता मी म्हातारा झालो आहे. माझ्या सात खाचांपैकी दोनच कामात आहेत, पण एवढे मानाचे काम मला कारखान्यातही मिळाले नव्हते. कधीतरी मीही दुपारी मुका होईन. तोवर तुमच्याकडे दोन गोष्टी मागतो. घरातल्या कोपऱ्यात माझ्यासारखा एखादा डबा गुपचूप काम करत असेल तर त्याच्यावर खोकी रचू नका, अधूनमधून त्याला पुसा आणि हात लावून बघा. आणि कानावर आलेली गोष्ट पुढच्याला सांगण्याआधी, मित्रांनो, क्षणभर थांबून बघा, ती पहिल्यांदा कोण बोलले आणि पलीकडे ऐकणारे कोण आहे. तात्यांनी खिडकीसाठी पडदा बेतला आहे. तो आज दिवसभर खिडकीत नुसता टांगलेला आहे, उद्या घेर दुमडून टाके घालायचे आहेत.